सोसायटीतली आगीची रंगीत तालीम: जिना धुराने भरला असेल तेव्हा काय करायचं

मागच्या जुलैत आमच्या इमारतीत मॉक ड्रिल घेतली. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर आम्ही जिन्याला आडवी लाल साडी बांधली होती. साडी म्हणजे धूर, हे आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून झालं होतं. घंटा वाजली, वरून माणसं उतरू लागली, साडीपाशी आली आणि एकामागून एक तिच्याखालून वाकून खाली गेली. अकरा जण. एका आजोबांना वाकता येईना, तर दोन मुलांनी त्यांच्यासाठी साडी वर उचलून धरली. खाली टाळ्या वाजल्या, कारण इमारत चार मिनिटांत रिकामी झाली होती. खरा धूर असता तर ते अकराही जण त्याच लँडिंगवर कोसळले असते.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षं सुरक्षा विभागात काम केलं. आता शेजारपाजारच्या सोसायट्यांच्या तालमींना मदत करते. बहुतेक ठिकाणी घंटा, जिना, गेट आणि ग्रुपवर फोटो एवढंच होतं. दार उघडायचं की बंदच ठेवायचं, उतरायचं की घरात थांबायचं, हे दाराशी उभं राहून ठरवायची सवय कोणालाच लागत नाही. नाशिकच्या इमारतींमध्ये तर ती सवय फार गरजेची आहे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, म्हसरूळ, जेल रोड या भागांत पार्किंगवर पाच-सात मजले, एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी मीटरच्या पेट्या अशा कितीतरी इमारती आहेत. मीटरनेच पेट घेतला तर धूर सरळ जिन्यात शिरतो आणि धुराड्यातून चढावा तसा वर चढतो. अशा वेळी ‘खाली पळा’ ही एकच शिकवण माणसांना धुराच्या तोंडी देते.

पुढचे टप्पे अशाच इमारतींसाठी आहेत. क्रम बदलू नका. पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय घंटा वाजवू नका.

टप्पा १: तीन आठवडे आधी, अंधारात इमारत फिरा

रात्री आठनंतर दोघांनी टॉर्च घेऊन गच्चीपासून खाली यायचं. जिन्यातले दिवे मुद्दाम बंद करा. आगीत वीज जाते, तेव्हा जिना कसा लागतो ते आधी आपल्याला कळायला हवं. एकाने टॉर्च धरून पुढे चालावं. दुसऱ्याने कठड्यावर हात ठेवून, पावलं घासत, हळूहळू उतरावं. पायाला जे लागेल ते लिहून घ्या. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा रिकामा खोका, तिसऱ्यावर चपलांचा स्टँड आणि पहिल्यावर दोन लहान सायकली लागल्या. दिवसा रोज त्यांना वळसा घालून जाणाऱ्यांना त्या दिसतच नव्हत्या.

मग एकेक गोष्ट हाताने उघडून बघा:

- गच्चीचं दार. आतून फक्त कडी हवी, कुलूप नको. मुलांची काळजी असेल तर कडी उंचावर बसवा. चावी सेक्रेटरींच्या घरी असणं म्हणजे दार बंद असणंच.
- मीटरची जागा. तिथे पुठ्ठे, रंगाचे डबे, जुन्या गाद्या नकोत. त्याच पॉइंटवरून कोणी ई-स्कूटर चार्ज करत असेल तर चार्जिंगची जागा जिन्यापासून लांब हलवा.
- आग विझवायचा लाल सिलिंडर. काटा हिरव्या पट्ट्यात, पिन आणि सील जागेवर, तपासणीची तारीख चालू.
- होज रील. पाइप पूर्ण उलगडून बघा. पेटीला कुलूप असेल तर ते काढाच.
- खिडक्यांचे ग्रिल. प्रत्येक घरात निदान एका ग्रिलला उघडणारी झडप हवी. तिची चावी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत हवी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. तालीमही त्याच दोन महिन्यांत ठेवली की विसरली जात नाही. एजन्सीचा माणूस आला की त्याला पंप चालवून, होजमधून पाणी काढून दाखवायला सांगा. कागदावर सही घेऊन त्याला परत पाठवू नका.

> पुढे जाण्याआधी तपासा: जिन्यातलं सामान हललं का? ‘तालमीपुरतं आत घेतो’ हे उत्तर चालणार नाही. सामान हलेपर्यंत तालीम पुढे ढकला.

टप्पा २: माणसं ठरवा, दिवसाची आणि रात्रीची वेगळी

सगळी कामं सेक्रेटरींवर टाकणं ही नेहमीची चूक. सकाळी अकराला आग लागली तर ते सातपूरला कामावर असतील. त्यामुळे प्रत्येक कामाला दोन नावं हवीत. त्यातलं एक दुपारी हमखास घरी असणाऱ्या माणसाचं असावं. आमच्या तीन मजल्यांच्या मजलाप्रमुख गृहिणी आहेत आणि एकाचे प्रमुख निवृत्त शिक्षक. चौघांचंही काम चोख असतं.

कामं चारच: फोन करणं, गेट उघडून रस्ता मोकळा ठेवणं, मजल्यावर हाक देणं आणि खाली मोजणी करणं. मजलाप्रमुखाने घराघरात शिरून शोध घ्यायचा नाही. उतरताना दारं ठोठवायची, ‘आग, बाहेर पडा’ असं ओरडायचं आणि उतरत राहायचं. जिन्यात धूर असेल तर तेवढंही नाही. स्वतःच्या घरात दार बंद करून फोनवरून सांगायचं.

आता यादी. प्रत्येक मजल्यावर कोण झोपून असतं, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणती लहान मुलं दुपारी फक्त आजीजवळ असतात. अशा प्रत्येक माणसाच्या नावासमोर दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. यादी मजलाप्रमुख आणि मोजणी करणाऱ्याकडेच ठेवा, नोटीस बोर्डावर लावू नका. कामाला येणाऱ्या ताई आणि वॉचमनचं कुटुंब यादीत हवंच. वॉचमनची खोली बऱ्याचदा जिन्याखाली, मीटरला खेटून असते. सगळ्यांत जास्त धोका त्यांना, आणि तालमीत त्यांना गेटवर उभं करून ठेवतात. हे मला दरवेळी खटकतं.

जमायची जागा पार्किंग किंवा गेट नको. पार्किंगमध्ये आग असू शकते आणि गेटमधून बंब येणार असतो. वरून काचा पडतात, म्हणून इमारतीपासून वीसेक मीटर लांब, रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी जागा बघा: शेजारचा मोकळा प्लॉट, देवळाचं पटांगण, जॉगिंग ट्रॅकचं तोंड. रात्री तिथे दिवा असतो का, तेही पाहा.

तालमीची तारीख ठरली की जवळच्या अग्निशमन केंद्राला लेखी कळवा. महापालिकेच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय शिंगाडा तलावाजवळ आहे. प्रात्यक्षिकाला जवान येऊ शकतील का, हे तिथेच विचारा. कळवलं नाही आणि समोरच्या इमारतीतल्या कोणी घाबरून १०१ लावला तर बंब तुमच्या खोट्या आगीकडे निघेल.

टप्पा ३: आधी घरातली तालीम

प्रत्येक घराने ती आठवडाभरात स्वतः करायची. दहा मिनिटं पुरतात. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा टप्पा हाच आहे.

सगळे झोपायच्या खोलीत. दिवे बंद. एकाने ‘आग’ म्हणायचं. मग:

१. उठून उभं राहू नका, खाली वाका. धूर वरच्या थरात जमतो आणि जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. गुडघ्यांवर, भिंतीला धरून दारापर्यंत या.

२. मुख्य दाराला तळहात लावू नका. हाताची मागची बाजू आधी दाराला, मग कडीजवळ लावा. भाजलं तर चटका मागच्या बाजूला बसतो आणि तळहात पुढच्या कामाला शाबूत राहतो. दाराच्या फटीतून धूर येतोय का बघा.

३. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर दार उघडायचं नाही. तशीच पाठ फिरवा आणि टप्पा ५ करा.

४. दार थंड असेल तर इंचभर उघडून बघा. सेफ्टी डोअरच्या जाळीतून जिना दिसतो, त्याचा इथे उपयोग होतो. जिना स्वच्छ असेल तर बाहेर पडा. मुलं मधे, मोठा माणूस पुढे आणि मागे.

५. निघताना दार ओढून लावा, पण कुलूप घालू नका. बंद दार आगीला अडवतं. कुलूप लावलं तर जवानांना ते तोडत बसावं लागतं.

सोबत काय घ्यायचं, तर दाराजवळची चावी आणि हातातला फोन. कपाट उघडायचं नाही, दागिने काढायचे नाहीत. गॅसचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा व्हॉल्व्ह वाटेत असेल तरच बंद करा. आग स्वयंपाकघरातच असेल तर तिकडे वळूही नका.

नाशिकच्या थंडीत खिडक्या गच्च बंद करून, रजया ओढून सगळे झोपतात. त्यामुळे ही तालीम एकदा डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच करा. ग्रिलची झडप थंड, गंजलेल्या कडीसकट अंधारात उघडते का, हे तेव्हाच कळतं. आमची उघडली नव्हती. तेल घालून, दोन दिवस हलवून ती सैल केली.

> इशारा: नुसता गॅसचा वास येत असेल आणि आग नसेल तर दिव्याचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६.

टप्पा ४: पहिली तालीम, सांगून

दिवस निवडताना रविवार सकाळ टाळा. अर्धी सोसायटी मिसळ खायला बाहेर गेलेली असते आणि जे घरी असतात ते आरामात असतात. पहिली तालीम शनिवारी संध्याकाळी घ्या.

हळू उतरणं शिकवा. धावताना घसरून पाय मोडला तर तालमीवरचा विश्वासच उडतो. एक ओळ करून, कठडा धरून उतरायचं. भिंतीची बाजू वर येणाऱ्या जवानांसाठी मोकळी ठेवायची. बोलणं बंद, फोनवर चित्रण बंद. लिफ्टला कोणी हात लावायचा नाही. वीज गेली की ती मजल्यांमधेच अडकते आणि तिचा शाफ्ट धुराने भरतो. तालमीत एक माणूस लिफ्टपाशी नुसता उभा ठेवा. सवयीने बटण दाबणारे किती, ते मोजा. आमच्याकडे पहिल्या खेपेला सहा निघाले.

जिना न उतरू शकणाऱ्यांना तालमीत उचलू नका. त्यांच्या दोन शेजाऱ्यांनी रिकामी, हात असलेली, भक्कम लाकडी खुर्ची घेऊन उतरून दाखवायचं. मग तीच खुर्ची तांदळाचं पोतं बांधून. लँडिंगला वळताना मागचा माणूस भिंतीला आपटतो. तिथे आधी थांबायचं, खुर्ची तिरकी करायची, मग वळायचं. हे दोन-तीनदा केल्याशिवाय जमत नाही. प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका, तिचा पाय मुडपतो.

टप्पा ५: दुसरी तालीम, जिना बंद

ही महिन्याभरात घ्या. खरा धूर, फटाके, पेटवलेला कचरा यातलं काहीही वापरू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या लँडिंगवर लाल कापड बांधा. आमच्या चुकीवरून शिका आणि तिथे एक माणूसही बसवा. साडीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला त्याने थांबवून विचारायचं, ‘समोर धूर आहे, आता काय?’

उत्तर असं हवं: वळा. जवळच्या, धूर नसलेल्या घरात शिरा, मग ते कोणाचंही असो. शेजाऱ्याने दार उघडून आत घ्यायचं आणि लगेच लावायचं. आपल्या मजल्यापर्यंत परत चढत बसू नका, कारण धूर तुमच्यापेक्षा वेगाने चढतो. याच कारणाने गच्ची ही पहिली निवड नाही. गच्चीचं दार उघडं हवं ते धूर बाहेर पडावा म्हणून, आणि वरच्या मजल्यावरच्यांचा जिना अजून स्वच्छ असेल तर त्यांना वाट राहावी म्हणून.

घरात थांबलेल्यांनी तालमीत खरोखर करायच्या गोष्टी:

१. मुख्य दार बंद. मधलं दारही बंद, म्हणजे धूर आणि तुमच्यामधे दोन दारं होतात.

२. टॉवेल, चादरी ओल्या करून दाराखालच्या फटीत कोंबा. कोरड्या ठेवू नका. तालमीत पाणी वाया जाईल म्हणून लोक नुसतं ‘असं करायचं’ म्हणून दाखवतात. एकदा करून बघा, म्हणजे किती चादरी लागतात ते कळेल. आमच्या दाराला दोन पुरल्या नाहीत.

३. रस्त्याकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत या. रंगीत कापड हलवा, रात्री फोनची टॉर्च. फोन करून मजला, विंग, फ्लॅट नंबर आणि किती माणसं आहेत ते सांगा.

४. उडी मारायची नाही, चादरींचा दोर करायचा नाही.

नाकाला ओला रुमाल लावल्याने काजळी थोडी अडते. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, आणि त्याला वासही नसतो. रुमाल आहे म्हणून धुरातून उतरायचं धाडस कोणी करू नये. हे मी प्रत्येक तालमीत तीनदा सांगते, कारण हा गैरसमज फार घट्ट बसलेला आहे.

> पुढे जाण्याआधी तपासा: साडीपाशी आलेल्यांपैकी किती जण न सांगता मागे वळले? निम्मेही नसतील तर हीच तालीम पंधरा दिवसांनी पुन्हा.

टप्पा ६: फोनची तालीम

याची वेगळी तालीम घ्यावी हे कोणाला सुचत नाही. खरा १०१ लावायचा नाही. समितीतला एक जण दुसऱ्या खोलीत नियंत्रण कक्ष म्हणून बसवा आणि वॉचमनला, एखाद्या आजींना, दहावीतल्या मुलाला त्याला फोन करायला लावा. आमच्या वॉचमनने सांगितलेला पत्ता होता, ‘फाट्याच्या पुढे, मोठ्या टाकीजवळ, लवकर या’, आणि त्याने फोन ठेवून दिला. चूक त्याची नव्हती, त्याला पत्ता कोणी लिहूनच दिला नव्हता.

केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत कागद लावा: सोसायटीचं पूर्ण नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, कोणत्या बाजूने बंब आत येऊ शकतो. सारख्या नावाच्या दोन सोसायट्या जवळपास असतील तर तेही लिहा. फोनवर क्रम असा: पत्ता, काय जळतंय, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलंय का, स्वतःचा नंबर. पलीकडचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. १०१ लागला नाही तर ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोनबरोबरच गेट. गेटवरच्या माणसाने तालमीत दोन्ही पाखं पूर्ण उघडून, समोरच्या गाड्या हलवून दाखवायच्या. कोणाच्या गाडीची चावी मिळाली नाही, ते नावासकट लिहा.

टप्पा ७: मोजणी

‘सगळे आले ना?’ असं ओरडून विचारणं म्हणजे मोजणी नव्हे. मजलाप्रमुखाने फ्लॅटप्रमाणे खूण करायची: आले, घरात थांबले, बाहेरगावी, माहीत नाही. यातली ‘माहीत नाही’ ही यादी सगळ्यांत आधी जवानांच्या हातात जायला हवी. तालमीत दोघांना गुपचूप शेजारच्या इमारतीत पाठवा आणि मोजणीत ते हरवलेले सापडतात का बघा. हरवलेल्याला शोधायला कोणीही आत परत जायचं नाही, मुलगा असो की वडील. हे ऐकायला कठोर वाटतं, म्हणूनच तालमीत जमायच्या जागेवर दोघांना नुसतं लोकांना थांबवायला उभं करा.

सिलिंडर हातात घेण्याबद्दल

हे सगळं झाल्यावर सिलिंडरचं प्रात्यक्षिक. आधी ठेवलं तर लोक पळण्याऐवजी विझवायला धावतात. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात विझण्याइतकीच, कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल आणि पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल, तरच हात घाला. मीटरवर पाणी कधीच नको. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण सरकवा, पाणी नको. मुलांना मैदानावर एवढं शिकवा: कपड्यांनी पेट घेतला तर थांबायचं, खाली पडायचं, लोळायचं.

जुन्या नाशिकातल्या वाड्यांसाठी

भद्रकाली, रविवार कारंजा, पंचवटीतल्या बोळांत वरची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. लाकडी जिना आणि माळे स्वतःच जळतात, त्यामुळे आत थांबून वाट बघणं इथे धोक्याचं. वाड्याची तालीम एकाच गोष्टीची घ्या: धूर दिसता क्षणी दोनपैकी कोणत्याही दाराने बाहेर. मागचा दरवाजा सामानामागे गाडलेला असतो, तो आधी मोकळा करा. बंब बोळात शिरणार नाही. तो कुठे थांबेल आणि तिथून पाइप कुठवर पुरेल, हे केंद्रातल्या जवानांना जागेवर आणून एकदा विचारून घ्या. बोळाच्या तोंडावरच्या दुचाक्या ही तिथली सगळ्यांत मोठी अडचण आहे.

टप्पा ८: तिसरी तालीम, न सांगता, मग आवराआवर

कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते बारा. तारीख फक्त दोघांना माहीत. घंटेआधी झोपून असलेल्या आजारी माणसांच्या घरी एकच निरोप द्या, नाहीतर नको तो धक्का बसायचा.

संपल्यावर लगेच, जमायच्या जागेवरच, दहा मिनिटं बोला. ‘छान झालं’ लिहू नका. काय अडलं, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच लिहा.

आणि पांगण्याआधी दोघांनी परत एक फेरी मारायची. साडी सोडली का. होज रील कोरडी करून गुंडाळली का. वापरलेला सिलिंडर भरायला काढून त्याजागी दुसरा टांगला का. अग्निशमन केंद्राला तालीम संपल्याचं कळवलं का. शेवटी पंपाच्या खोलीत जा. तालमीत पाणी दाखवण्यासाठी पॅनेलचं स्विच ऑटोवरून (पंप आपोआप सुरू होतो) मॅन्युअलवर (हाताने सुरू करावा लागतो) केलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मी पाहिलेल्या दोन सोसायट्यांमध्ये ते पुढच्या फॉर्म बीपर्यंत तसंच होतं, म्हणजे सहा महिने. स्विच ऑटोवर करा, दिवा लागलेला बघा आणि मगच खोलीचं दार लावा.